समाधानकारक प्रगती

तिला सगळे अर्जदार म्हणत. विद्यापीठाच्या साहाय्य कक्षातून येणारं प्रत्येक पत्र 'प्रिय अर्जदार' असं सुरू व्हायचं. तिला अशी पत्रं इतकी आली की वर्गातल्या मुलींनी तिचं मूळ नाव वापरणं सोडून दिलं. घरी आईसुद्धा सकाळी पांघरूण ओढताना 'अर्जदारबाई, उजाडलं' म्हणायची.

फीसाठी मदत मिळवणं अवघड नव्हतं. टिकवणं अवघड होतं. त्याच्या नियमांची बेचाळीस पानांची पुस्तिका होती. ती कोणी वाचत नसे. अर्जदाराने मात्र प्रवेश घेतला त्याच उन्हाळ्यात दोनदा वाचली, हातात पेन्सिल घेऊन. सार एवढंच होतं. दर सत्राला बारा श्रेयांक घ्यायचे, म्हणजे चार विषय. त्या सत्रात घेतलेल्या दर तीन श्रेयांकांतले दोन तरी पदरात पाडायचे. विषय मध्येच सोडला तरी तो घेतला असंच धरलं जाईल. सात गैरहजेऱ्या झाल्या की नापास. काय शिकलात, याबद्दल बेचाळीस पानांत एक ओळ नव्हती. तिने शोधली होती.

भाजी निवडावी तसे ती विषय निवडायची. कीड दिसली की बाजूला. प्राध्यापक नवा असेल तर नको, नवा माणूस मन लावून शिकवतो. निवृत्तीला वर्ष राहिलेला सगळ्यात उत्तम. अशा हिशेबाने तिने दोन वर्षांत सोळा विषय पार केले. 'सभेत बोलावे कसे' हा विषय ती एकदाही तोंड न उघडता पास झाली. 'पोहण्याचा परिचय, भाग एक' लेखी परीक्षेवर निभावला. तिला पोहता येत नव्हतं, पण पोहण्याचे सहा फायदे येत होते.

कँटीनमध्ये खांबाजवळच्या टेबलावर तिचा दरबार भरे. वकिलाला फी लागते, तिला चहा पुरे. रसायनशास्त्राने मेटाकुटीला आलेला कोणीतरी यायचा आणि विषय सोडू का विचारायचा. सोडू नकोस, ती सांगायची, नापास हो. दोन्हींचा हिशेब एकच, पण नापास होणारा प्रयत्न करताना दिसतो. तिच्या सल्ल्याने निदान चाळीस जणांची मदत वाचली. त्यातल्या कोणालाच पुढे काही येत नव्हतं, पण तो तिचा प्रांत नव्हता.

आई एका लाँड्रीत इस्त्री करायची. वडील ती लहान असतानाच दुसऱ्या शहरात दुसरा संसार मांडून मोकळे झाले होते. दर सत्राच्या शेवटी पत्र यायचं, 'आपली प्रगती समाधानकारक आहे.' आई त्यावर पातळ फडकं ठेवून हलक्या हाताने इस्त्री फिरवायची आणि पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. अशी चार पत्रं झाली होती. मुलगी नेमकं काय शिकते हे आईला सांगता येत नसे. समाधानकारक शिकते, एवढं ती खात्रीने सांगायची.

पाचव्या सत्राला तीन विषय ठरले. पोहण्याचा भाग दोन, 'आहार आणि आपण', आणि 'संगीत ऐकावे कसे'. चौथ्यासाठी मंगळवारची सकाळ रिकामी होती. त्या वेळेला एकच विषय होता, 'कीटकांचे वर्तन'. तिने चौकशी केली. लेखी परीक्षा नाही, हजेरी नाही, आणि शिकवणाऱ्या सरांना निवृत्तीला आठ महिने. सगळी लक्षणं चांगली होती. तिने डोळे झाकून नाव घातलं.

किड्यांच्या सरांनी पहिल्या तासाला काही शिकवलं नाही. एक किडा निवडा, त्याला साठ तास बघा आणि तो काय करतो ते लिहा, एवढंच म्हणाले. काय करतो ते लिहायचं, तुम्हाला काय वाटतं ते नाही. वर्गात वीस जण होते. एकोणीस जणांनी मुंगी निवडली आणि घरी बसून लिहिली. अर्जदारही तेच करणार होती. पण तिला वेळ वाया गेलेला आवडायचा नाही, आणि त्याच आठवड्यात ती साहाय्य कक्षाच्या चार नंबरच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती. खिडकीच्या चौकटीवर, वरच्या कोपऱ्यात, एक कुंभारीण माशी चिखल आणून ठेवत होती. रांगेत अर्धा तास तरी जाणार होता. तो साठ तासांत धरता आला असता. तिने वही काढली.

माशीने जबड्यात चिखलाची गोळी धरून आणली. ती दाबत, पसरत, गोल फिरवत बसवली. उडून गेली, दुसरी आणली. बघता बघता वाटाण्याएवढं मडकं उभं राहिलं. त्याला नीट गळा होता, गळ्याला बाहेर वळवलेला काठ होता. अर्जदाराचा नंबर आला. खिडकीवरच्या बाईंनी काय काम विचारलं. तिला आठवेना. तिने मागच्या माणसाला पुढे जायला सांगितलं. असं तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. माशीने मडक्यात अंडं घातलं होतं. सरांनी वापरायला दिलेल्या भिंगातून पाहिलं तर ते मडक्याच्या छताला आतून एका दोऱ्याने टांगलेलं होतं. मग माशी हिरव्या अळ्या आणू लागली. मारलेल्या नव्हे, नुसत्या निपचित केलेल्या. एका मडक्यात पाच ठेवल्या आणि तोंड लिंपून टाकलं. शेजारी दुसरं मडकं केलं, त्यात आठ ठेवल्या. तिसऱ्यात पुन्हा पाच. मडकी सारखीच, माशी तीच. मग इथे पाच का आणि तिथे आठ का? बाहेर येणाऱ्या पिल्लाला किती पुरेल, हे तिला आधीच कसं कळतं? आतलं पिल्लू ती कधी बघणारसुद्धा नव्हती.

या प्रश्नाने अर्जदाराला धरलं. कक्ष उघडला की ती समोरच्या बाकावर बसायची आणि बंद झाला की उठायची. शिपाई एकदा झाडू घेऊन मडकी पाडायला आला, तर ती आडवी उभी राहिली. खिडकीवरच्या बाईंना वाटलं, मुलीचा काही अर्ज अडकला असावा आणि त्यापायी ती धरणं धरून बसली असावी. त्यांनी शिपायाला परत पाठवलं. उगाच तक्रार नको.

पोहण्याचा तास चुकला. आहाराचा चुकला. संगीत ऐकायचंही राहिलं. सातवी गैरहजेरी कोणत्या तारखेला होते हे ती झोपेत सांगू शकली असती. ती झाली तेव्हा ती टक्क जागी होती आणि एक माशी सहावी अळी घेऊन येत होती.

साठ तास मागितले होते, तिने दोनशे अकरा भरले. सरांनी वही उभ्या उभ्या वाचायला घेतली आणि मध्येच खुर्ची ओढून बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, पाच आणि आठचं उत्तर यात नाही. नाही, ती म्हणाली. बरं झालं, ते म्हणाले, उत्तर असतं तर मला संशय आला असता. त्याला अजून एक हंगाम लागेल. त्यांनी शंभरपैकी शंभर दिले. संगणकाने ते घेतले नाहीत. परीक्षा विभागातून फोन आला की एक शून्य चुकून जास्त पडलंय का.

बाकी तीन विषयांत ती नापास झाली. चारातला एक पास, म्हणजे पंचवीस टक्के. पत्र आलं. 'प्रिय अर्जदार, आपली प्रगती असमाधानकारक आहे. पुढील सत्रापासून मदत थांबवण्यात येत आहे.' आईने पत्र दोनदा वाचलं. इस्त्री गरम होती, पण तिने या पत्रावर फिरवली नाही.

मदतीशिवाय फी भरणं शक्य नव्हतं. लाँड्रीतलं दुसरं टेबल रिकामं होतं, आणि मुलीला आणा की, असं मालक मागेच बोलला होता. एकच वाट उरली होती, फेरविचार अर्ज. तो दहा दिवसांत द्यायचा होता. तो नामंजूर झाला की दुसऱ्या दिवसापासून ती परक्यांच्या शर्टांच्या कॉलरी सरळ करणार होती.

अर्जात दोन प्रश्न होते. पहिला, प्रगती खालावण्याचं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं कारण. त्याला तीन चौकोन होते: मृत्यू, आजार, इतर. दुसरा, हे पुन्हा घडू नये म्हणून काय केलं आहे. आपण चाळीस जणांना हा अर्ज भरून दिला, हे तिला आठवलं. तेव्हा तो सोपा वाटला होता.

खिडकीवरच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की मृत्यू सगळ्यात सोपा, दाखला एकच लागतो. आजाराला तीन कागद. 'इतर'च्या भानगडीत पडू नये, तिथे समिती बोलावते.

"घरात कोणी गेलंय का अलीकडे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आजी? आत्या? लांबचं चालतं."

"सगळे आहेत."

"असू दे," बाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "होतं असं कधीकधी."

संध्याकाळी मामा आला. मामा एका रुग्णालयात लिफ्ट चालवायचा. बावीस वर्षं डॉक्टरांना वरखाली नेल्यामुळे आपल्याला वैद्यकातलं सगळं कळतं, अशी त्याची समजूत होती. त्याने आजारांची यादीच काढली. हाड मोडलं म्हणावं तर फोटो मागतात. दम्याला फार विचारत नाहीत, पण भाचीची छाती दणदणीत. कावीळ उत्तम, दूर बसून ऐकतात. तिसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर आपल्या शब्दाबाहेर नाही, उद्याच सही आणतो. नाहीतर मृत्यूच लाव, तो म्हणाला, माझा लाव. मला कोण विचारतंय.

आई म्हणाली, तुला मारलं तर रुग्णालयाची लिफ्ट कोण चालवणार? मामाला हा मुद्दा पटला.

तो गेल्यावर आईने घरी आणलेल्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. ती एकेका कपड्यावर पाणी फवारू लागली. आई रागावेल, रडेल, इतकी वर्षं कोणासाठी उभी राहिले ते सांगेल, अशी अर्जदाराची तयारी होती. आईने भलतंच विचारलं.

"ती माशी. ती नक्की करते काय?"

अर्जदार सांगू लागली. चिखल, गळा, दोरा, अळ्या. सांगताना तिचे हात हलत होते. आईने एक शर्ट पुरा केला आणि दुसरा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"मग एकात पाच आणि एकात आठ कशा?"

"तेच माहीत नाही."

"मोठं पिल्लू निघणार असेल तिथे आठ."

"सर पण म्हणतात तसं. पण तिला आधीच कसं कळतं?"

आईने विचार केला. "सांगणारं कोणी नसेल तर स्वतःच ठरवत असेल," ती म्हणाली. "खोटं काही लिहू नकोस. कावीळबिवीळ नको. जे झालं ते लिही."

म्हणून तिने 'इतर'वर खूण केली आणि समोरच्या दोन ओळींत लिहिलं, 'मला एका विषयात रस निर्माण झाला.' दुसऱ्या प्रश्नापुढे जागा कोरी ठेवली. सरांनी दोन पानी शिफारसपत्र दिलं. असं लक्ष मी चौतीस वर्षांत पाहिलं नाही, ही विद्यार्थिनी हेच काम पुढे नेईल याची मला खात्री आहे, वगैरे. तिने ते अर्जाला जोडलं. खिडकीवरच्या बाईंनी ते शेवटपर्यंत वाचलं आणि टाचणी काढून तिच्या हातात परत दिलं.

"हे लावू नकोस. यात तू पुन्हा करशील असं लिहिलंय."

समिती तिघांची होती. मध्ये उपकुलसचिव, डावीकडे लेखाधिकारी, उजवीकडे समुपदेशक. उपकुलसचिवांनी अर्ज मोठ्याने वाचला. 'रस' या शब्दाशी थांबून त्यांनी चष्मा पुसला. मृत्यूची प्रकरणं त्यांना पाठ होती. हे नवीन होतं. लेखाधिकाऱ्यांनी नियम पाहिला. रस मुद्दाम घेतला असेल तर तो आवाक्यात येतो, ते म्हणाले, आणि आवाक्यात असेल तर मदत बंद. आपोआप आला असेल तर मात्र विचार करता येईल. तेव्हा समुपदेशकांनी सूत्रं हाती घेतली. त्यांचा आवाज मऊ होता.

"हा रस कधीपासून आहे?"

"सत्राच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"त्याआधी कधी झाला होता?"

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "लहानपणी. शाळेत गेल्यावर गेला."

"घरात आणखी कोणाला?"

हातात शर्ट घेऊन उभी राहिलेली आई तिच्या डोळ्यांपुढे आली. "नाही," ती म्हणाली.

झोप लागते का, जेवताना लक्ष असतं का, हेही विचारून झालं. झोप लागते, तिने सांगितलं, पण उठल्याउठल्या तेच आठवतं. संगत कोणाची, असं लेखाधिकाऱ्यांनी विचारलं. ती म्हणाली, प्राध्यापकांची. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या प्राध्यापकांना किती दिवस राहिले, उपकुलसचिवांनी विचारलं. दोन महिने, समुपदेशक म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं.

"आणि आता कसं आहे?" उपकुलसचिवांनी विचारलं.

खरं सांगायचं असं ठरवून ती आली होती. दुसरं टेबल तिला दिसत होतं. त्याच्या मागे आईचं टेबलही दिसत होतं, आणि आईच्या पोटऱ्यांवरच्या टम्म फुगलेल्या निळ्या शिरा.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "बराच कमी झालाय."

अर्ज मंजूर झाला. अटी तीन होत्या. निरीक्षण करावं लागेल असा विषय पदवी होईपर्यंत घ्यायचा नाही. राहिलेले तीन विषय पुन्हा करायचे. दर महिन्याला समुपदेशकांकडे जायचं आणि रसाचा फॉर्म भरायचा. तिने तिथेच सही केली. घरी सांगितलं तेव्हा आईने तिचे दोन्ही हात धरले. समितीत काय बोलणं झालं ते आईने विचारलं नाही. मामाने पेढ्यांऐवजी रुग्णालयातली ताकदीच्या गोळ्यांची बाटली आणली.

रसाच्या फॉर्मला तीन चौकोन होते: वाढला, तेवढाच, कमी झाला. पहिल्या भेटीला तिने 'तेवढाच'वर खूण केली. समुपदेशक म्हणाले, घाई नाही. दुसऱ्या भेटीपासून ती 'कमी झाला' लिहू लागली. ते साफ खोटं होतं. विद्यापीठातून घरी जाताना ती प्रत्येक इमारतीच्या वळचणीला मान वर करून बघायची. एकदा एका अनोळखी माणसाच्या खिडकीखाली इतका वेळ उभी राहिली की त्याने पडदा ओढून घेतला. सर निवृत्त झाले. जाताना त्यांनी भिंग तिला देऊ केलं. तिने नको म्हटलं, अटींत बसत नव्हतं. आहाराच्या तासाला ती पहिल्या बाकावर बसू लागली. पोहण्याच्या तासाला काठावर उभं राहून 'हजर' म्हणू लागली. परीक्षा आली आणि गेली. 'आपली प्रगती समाधानकारक आहे' असं पत्र आलं, आणि आईने इस्त्री तापवली.

पत्रावरून इस्त्री फिरवता फिरवता आई म्हणाली, "लाँड्रीच्या मागच्या भिंतीवर एक मडकं दिसलं मला. अळ्या मोजल्या. सहा आणल्या तिने, मग मालकाने हाक मारली. तुझं ते पाच नि आठ कुठवर आलं?"

अर्जदार वेळापत्रक भरत होती. मंगळवारी सकाळची वेळ रिकामी होती, आणि तिथे काहीतरी सुरक्षित बसवायचं होतं.

"कसलं पाच आणि आठ?" ती म्हणाली.

मग तिला आठवलं. पण मध्ये दोन-तीन क्षण गेले होते. आईने इस्त्री उभी करून ठेवली.

त्या आठवड्यात सहावी भेट होती. तिने फॉर्म घेतला, 'कमी झाला'वर खूण केली आणि पेन खाली ठेवताना तिच्या लक्षात आलं की या वेळी खोटं बोलावं लागलं नाही. ती फॉर्मकडे पाहत राहिली. समुपदेशकांनी तो ओढून घेतला, आधीच्या पाचांवर ठेवला आणि कडा जुळवल्या. अभिनंदन, ते म्हणाले, ही शेवटची भेट.

"आणखी एक-दोन भेटी मिळतील का?" तिने विचारलं.

"कशासाठी?"

तिने 'कमी झाला'वरच्या खुणेकडे बोट दाखवलं. बरं झालेल्यांना भेटी देण्याची तरतूद नाही, त्यांनी हळुवारपणे समजावलं, आणि पुढच्याला आत पाठवायला सांगितलं.

बाहेर बाकावर पहिल्या वर्षाची एक मुलगी बसली होती. मांडीवर कोरा फॉर्म होता. तिने अर्जदाराला ओळखलं. कँटीनमध्ये सगळेच ओळखत. माझं नदीतल्या गाळावरून झालं, ती कुजबुजली, तीन विषय गेले. यात काय लिहू?

अर्जदार तिच्या शेजारी टेकली. तिने फॉर्म हातात घेतला आणि बोट ठेवून दाखवलं.

"पहिल्या वेळी 'तेवढाच' लिही. एकदम 'कमी' लिहिलंस तर त्यांचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या वेळेपासून 'कमी' लिहायला लाग."

"पण कमी झाला नसेल तर?"

"लिहीत राहा," अर्जदार म्हणाली. "होतो."